मोटर मरते कशी?

जुनी वापरलेली आउटबोर्ड मोटर (बोटीच्या मागे बाहेरून लावतात ते इंजिन) विकणारा माणूस कुठलाही असो, वाक्य ठरलेलं असतं, "मागच्या सीझनला एका दोरीत चालू होत होती." खोटं बोलत नसतो बिचारा. मधल्या काळात कार्बोरेटरमधलं पेट्रोल वाळून त्याचा पिवळा चिकटा झालेला असतो, एवढंच.

माझी आठ हॉर्सपॉवरची, दोन सिलिंडरवाली टू-स्ट्रोक. हिचा त्रास वेगळा होता, चालू व्हायची अगदी शहाण्यासारखी, पिंपात पंखा बुडवून ठेवला होता (कोरडी चालवायची नाही, आतलं पाणी खेचणारं रबरी इंपेलर काही सेकंदांतच जळायला लागतं), चार मिनिटं मस्त चालायची आणि मग बंद. दहा मिनिटांनी पुन्हा चालू, पुन्हा चार मिनिटं. आठ घोडे, त्यातलं नेमकं कुठलं कुठे पेंड खातंय ते कळेना.

मग सुरू झाली माझी डॉक्टरकी. प्लग काढून बॉडीला टेकवले, दोरी ओढली, करंट निळा आणि खणखणीत. तरी नवे प्लग टाकलेच, कारण नवीन वस्तू बसवली की काहीतरी केल्यासारखं वाटतं. कार्बोरेटर उघडला, जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची तोटी, उजेडासमोर धरला तर भोक अर्धं बुजलेलं, म्हटलं सापडला चोर! साफ केला, जुनं पेट्रोल फेकलं, पेट्रोल आणि ऑइलचं नवीन मिक्स बनवलं, लिटरला 20 मिली ऑइल, म्हणजे 50 ला 1. काही जुन्या मोटरी 25 ला 1 मागतात, तेव्हा ते आधी मॅन्युअलमध्ये बघून घेतलं, ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम आणि जास्त झालं तर प्लग काळे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तोसुद्धा मोजला, दोन्ही सिलिंडर जवळपास सारखे. एवढं सगळं करून मोटर चालली किती, तर चार मिनिटं.

ओळखीचे एक काका आहेत, आयुष्य इंजिनं उघडण्यात गेलेलं. ते आले, मोटरला हातही लावला नाही, फक्त विचारलं, "मरते कशी?"

म्हटलं म्हणजे काय, बंद पडते.

"अरे पण कशी? दिव्याचं बटण बंद केल्यासारखी खटकन, की धापा टाकत? खटकन गेली तर बहुतेक करंटचं बघायचं, गरम झाल्यावर प्लगला करंट देणारी कॉइल दगा देते आणि गार झाली की परत शहाणी होते. धापा टाकत गेली तर तिला पेट्रोल मिळत नाहीये."

तीन वीकेंड मी मोटर उघडून बघत होतो, पण ती बंद पडताना एकदाही नीट ऐकली नव्हती, बंद पडायला लागली की माझं लक्ष शिव्या देण्याकडे असायचं. या वेळी दोघं गप्प उभे राहिलो. साडेतीन मिनिटांनी आवाज जरा पातळ झाला, मग एक उचकी, मग रेस आपोआप खाली. काका म्हणाले, "फुगा दाब." पेट्रोलच्या पाइपवरचा तो रबरी फुगा हातात घेतला तर साफ चपटा, दोन्ही बाजू आतून एकमेकींना चिकटलेल्या. कसाबसा दाबला, मोटरने दोन श्वास घेतले आणि पुन्हा मान टाकली.

काकांनी टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स! एवढा मोठा श्वास टाकीने आत घेतला की आम्ही दोघंही दचकलो.

झाकणावर हवेसाठी एक छोटा स्क्रू असतो, तो घट्ट बंद होता. पेट्रोल बाहेर खेचलं जाणार आणि त्याच्या जागी हवा येणार नसेल तर टाकीत व्हॅक्यूम तयार होतो, मग पंपाने कितीही ओढलं तरी थेंब येत नाही. माझ्या प्रत्येक "दुरुस्ती"च्या वेळी झाकण उघडलं जायचं, म्हणून परत चार मिनिटं मिळायची! आणि स्क्रू बंद कोणी केला? मीच. गाडीतून आणताना पेट्रोल सांडू नये म्हणून.

काकांनी हसायचं टाळलं, हे त्यांचे उपकार. जाताना मात्र इंजिन गार करून मोटरच्या मागून पडणाऱ्या पाण्याच्या धारेखाली बोट धरलं. धार पेन्सिलीएवढी हवी, ही सुतळीएवढी पण नव्हती. "आधी भोकात तार घालून बघ," म्हणाले, "लगेच इंपेलरसाठी खालचं युनिट उघडायला बसू नको."

पाना माझ्या हातात आलेला होता, तो गुपचूप खाली ठेवला.