नळदुर्ग : धबधब्याकडे पाठ करून बघितलेला किल्ला

लातूरहून पहाटेच निघालो. औशावरून तुळजापूर, आईचं दर्शन, आणि साडेदहाला नळदुर्गच्या दरवाजात. बरोबर तात्या होते, वय ८३. भादव्याचे दिवस, बोरी भरून वाहत होती आणि बांधावरून नर-मादी दोन्ही धबधबे कोसळत होते.

बहुतेक लोक ते बघतात, फोटो काढतात आणि परततात. माझी कळकळीची विनंती आहे, तिथं पोचलात की एकदा पाण्याकडे पाठ करून रणमंडळाकडे, म्हणजे नदीपलीकडच्या जोडकिल्ल्याकडे बघा. नदीत आडवा घातलेला हा बांध एका टोकाला मुख्य किल्ल्याला, दुसऱ्या टोकाला रणमंडळाच्या तटाला भिडतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये तो बांधला. पाणी तुंबवलं की वेढ्यात आतल्यांची तहान भागते आणि नदीच्या अंगानं शत्रूला तटाशी येता येत नाही. जंजिऱ्याला समुद्र आयता मिळाला. इथं कोरड्या पठारावर माणसांनी पाणी अडवून उभं केलं.

बांधाच्या पोटातच पाणीमहाल आहे. अंधाऱ्या पायऱ्या उतरून खाली गेलो. दगड ओला, गार. खिडकीसमोर पाण्याचा पडदा पडत होता, आवाजानं बोलणं ऐकू येईना, पण आत अंगावर थेंब नाही.

उपळ्या बुरूज उंच आहे, चढताना दम लागतो. वरच्या तोफेपाशी उभं राहिलं की चौफेर मुलूख दिसतो. टेहळणीला हीच जागा का, ते सांगावं लागत नाही.

आणि १९४८. निजामाच्या हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी तात्या सहा वर्षांचे होते. रझाकारांच्या धास्तीनं आई त्यांना घेऊन ज्वारीत लपली, एवढंच त्यांना आठवतं. १३ सप्टेंबरच्या पहाटे सोलापूरकडून भारतीय फौज निघाली. निजामाच्या सैन्यानं बोरीवरचा पूल उडवला असता तर आगेकूच तिथंच अडली असती. तो शाबूत हाती आला. त्याच दिवशी नळदुर्गजवळ शीख रेजिमेंटचे हवालदार बचित्तर सिंग मांडीत गोळ्या लागूनही सरपटत पुढं गेले, हातबॉम्ब टाकून त्यांनी शत्रूचं समोरचं ठाणं बंद पाडलं आणि तिथंच प्राण सोडले. देशातलं पहिलं अशोक चक्र त्यांचं. किल्ल्यात फिरताना पोरांना हे नाव सांगाच.

जाणाऱ्यांसाठी : सोलापूरहून साधारण ४५-५० किलोमीटर, हैदराबाद रस्त्यावर. धबधबे हवे असतील तर चांगला पाऊस झाल्यावर, पण रविवार टाळा. तीन तास हाताशी ठेवा. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, चपला नकोत, बूट घाला. बांधावरून पाणी जात असेल तर काठावर सेल्फीला जाऊ नका. म्हाताऱ्या माणसांना पाणीमहालात हात धरून न्या. तात्यांना आम्ही दोघांनी धरून उतरवलं. मैलारपूरचा खंडोबा जवळच आहे, पण देव वर्षातला बराच काळ अणदूरला असतात, तेव्हा आधी चौकशी करून जा.