लुब्वाजवळच्या वस्तीतला हापसा

चिनसाली, झांबिया. जुलै, रात्र.

आमच्या चर्चची तुकडी इथं सेवेला आलीय. आज शाळेच्या भिंती रंगवायचं ठरलं होतं. सकाळी इथल्या पाळकांनी सांगितलं, पलीकडच्या वस्तीतला हापसा बंद पडलाय, बाया ओढ्यावरून पाणी आणतात. रंग राहू द्या, हात लावायला माणसं द्या. आम्ही निम्मे जण लगेच निघालो.

हापसा पाहिला आणि जीव हरखला. इंडिया मार्क टू! जालन्यात ज्याच्यावर लहानपणी लोंबकळलो, तोच. साठच्या दशकात जालन्याच्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने बोअर घ्यायला सुरुवात केली. तेव्हाचे बिडाचे हापसे एका घरापुरते बनवलेले, अख्खं गाव हापसू लागलं की मोडायचे. म्हणून पोलादी जालना पंप आला, मग सोलापूर पंप, आणि त्यातूनच पुढे युनिसेफच्या मदतीने हा मार्क टू घडला. स्कॉटिश मिशनचंच लुब्वा हे ठाणं इथून जवळ. ते सुरू केलं डेव्हिड काउंडांनी, 1905 च्या सुमारास. गोरे नव्हेत, शेजारच्या मलावीतून आलेले शिक्षक. झांबियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा हे त्यांचे पुत्र, जन्म 1924, लुब्वाचाच. मला आपले मराठी पाळक नारायण शेषाद्री आठवले. जालन्याजवळचं बेथेल हे ख्रिस्ती गावही आपल्याच या माणसाने वसवलं.

कामाची सूत्रं हापशाची देखभाल करणाऱ्या मावशींकडे होती. पाठीला बाळ बांधलेलं, हातात पाना. दांडा, चेन, वरचं डोकं उतरवलं. मग पाईप. लोखंडी, तीन-तीन मीटरचे, जड; सहा-सात जणांनी उचलायचे, क्लॅम्प आवळायचा, वरचा पाईप सोडवायचा, पुन्हा उचलायचे. मावशींनी आवाज दिला की ओढायचं, हात वर केला की थांबायचं. शेवटून दुसऱ्या पाईपला आट्यांशी गंजून भोक पडलं होतं, करंगळी जाईल एवढं. वॉशर त्यांनी नखाने दाबून पाहिले आणि सरळ बाजूला टाकले. इथल्या भूजलात आम्लता असली की जस्ताचा मुलामा खाल्ला जातो, आणि पाईप असे सडतात.

दुपारनंतर पाणी आलं. आधी तांबडं, मग नितळ. बायांनी पहिल्या पाण्याने ओटा घासून धुतला, मग म्हाताऱ्यांच्या बादल्या पुढे घेतल्या. 'नातोतेला' म्हणत टाळ्या वाजवून आभार मानले, तेव्हा डोळे भरून आले. जेवायला नाचणीचं उब्वाली, म्हणजे घट्ट उकड, आणि शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी. पोटभर जेवलो.

भिंत रंगवायला आमच्यासारख्या चर्चच्या मंडळींनी एवढ्या लांब यायची गरज नाही, असं आता ठामपणे वाटतं. ते काम गावातली पोरं करतील, त्यांना मजुरीही मिळेल. इथं अडतं ते पाईप आणि वॉशरवाचून. मावशींना सगळं येतं. पण वस्तीच्या पाणी समितीकडे वर्गणी जमते ती मूठभर, आणि एक पाईप घ्यायचा तर महिने जातात. आमच्यापैकी एकाच्या विमानभाड्यात किती पाईप आले असते, हा विचार दिवसभर सुटला नाही.

पाळकांबरोबर बसून यादी केलीय: स्टेनलेस स्टीलचे पाईप, वॉशर, एक चेन, बेअरिंगची जोडी, पान्यांचा दुसरा संच. शेजारच्या वस्त्यांमधल्या बायांना मावशीच शिकवतील, त्यांना मानधन द्यायचं. उद्या सकाळच्या प्रार्थनेनंतर हे सगळ्यांपुढे ठेवणार आहे. पुढच्या वर्षी तुकडी छोटी करू, आणि वाचलेला पैसा पाणी समितीकडे देऊ.