रांगणा, तुटलेला पाटा आणि पॉवर टिलरचा बोल्ट

"त्या डबड्यातनं जाऊ नका," एवढंच घरातून सांगितलं होतं. डबडं म्हणजे माझी जुनी महिंद्राची एमएम ५४० जीप. चारी चाकांना पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, त्यामुळं रस्त्यातला प्रत्येक खडा थेट मणक्यात कळतो. दाजी तरीही बसले. त्यांना रांगणा किल्ला बघायचा होता.

डिसेंबरात कोल्हापूर-गारगोटी रस्ता म्हणजे उसाच्या ट्रॉल्यांची वरात. इस्पुर्ली, बिद्री, मुदाळ तिट्टा... सगळं रांगतच. पाटगावला मौनी महाराजांच्या मठात टेकलो आणि भटवाडीहून जंगलात शिरलो. चिक्केवाडीकडं जाणारी वाट लाल मातीची, मध्ये ओढे आणि ओढ्यात पाटीएवढाले दगड. किल्ल्याबद्दल मी फार लिहीत नाही. तळं, रांगणाईचं देऊळ आणि कोकणात सरळ खाली उतरणारे कडे, हे ज्यानं त्यानं जाऊन बघावं.

परत येताना भटवाडीच्या अलीकडं, ओढ्यातून वर चढताना मागं 'टण्' वाजलं. पुढं सपाटीलाही जीप खेकड्यासारखी तिरकी चालायला लागली. उतरून बघतो तर मागचं डावं चाक कमानीत चार बोटं मागं सरकलेलं. पाट्यांची चळत मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला होता, दुसऱ्या नंबरचा पाटाही त्याच्या भोकापाशी दुभंगला होता आणि अॅक्सल पाट्यावरून घसरला होता. मेन पाटा तेवढा शाबूत होता, नाहीतर मुक्काम तिथंच.

दाजी म्हणाले, "चाक तर आहे की अजून."

माझ्या हत्यारांच्या डब्यात त्या मापाचा बोल्ट नव्हता. जवळच्या शेतातल्या मामांनी पॉवर टिलरचा एक काढून दिला, वर पहार आणि बैलाचा कासराही आणला. जीप जॅकवर घेतली, चेसीखाली जांभळाचा ओंडका दिला, पाटे अॅक्सलला आवळणारे यू बोल्ट सोडले, पाट्यांची चळत उघडून नवा बोल्ट घातला आणि पहारीनं अॅक्सल जागेवर आणला. तुटलेला पाटा कासऱ्यानं आवळला. दोन तास गेले. मामांनी बोल्टचे पैसे घेतले नाहीत, "पुढच्या टायमाला दुसरा आणून द्या" म्हणाले. मागचं सगळं सामान पुढं घेऊन, ताशी वीसच्या आत, कोल्हापूर गाठायला रात्र झाली.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगर, कोल्हापूरची कारखान्यांची पेठ. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला ते हे गाव, इथं पाट्याचं काय मोठं! मी ठरवूनच गेलो होतो, दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घालायचा, म्हणजे विषयच संपला. मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि यू बोल्टवरचा गंज नखानं खरवडत म्हणाले, "पाटा कमजोर नव्हता. हे ढिलं होतं म्हणून बोल्ट तुटला."

यू बोल्ट घट्ट असले की अॅक्सल पाट्यांना आवळलेला राहतो आणि सेंटर बोल्टला फक्त जागा दाखवायचं काम उरतं. ते ढिले झाले की सगळा हिसका त्या एका बोल्टवर येतो आणि पाटाही नेमका भोकापाशी वाकायला लागतो. जादा पाटा घातला असता तर जीप आणखी कडक झाली असती आणि धक्के चेसीच्या ब्रॅकेटनं खाल्ले असते. त्या ब्रॅकेटशी आधीच केसाएवढी चीर होती, ती मला ठाऊकच नव्हती.

तुटलेला पाटा वेल्ड करून घ्यावा, असंही मनात होतं. मिस्त्री हसले. पाण चढवलेलं, म्हणजे तापवून-विझवून कडक केलेलं स्प्रिंगचं पोलाद वेल्डिंगच्या उष्णतेनं ठिसूळ होतं, म्हणजे शेजारीच पुन्हा तुटणार. म्हणून भंगारातून जाडी-रुंदी जुळणारा पाटा वजनावर घेतला आणि दोन्ही बाजूंच्या चळतींना सारखा कॅम्बर, म्हणजे बाक, मारून घेतला, कारण एकच बाजू उचलली तर जीप कलते. यू बोल्ट चारही नवे घेतले. एकदा ताणलेले पुन्हा वापरायचे नाहीत, या एका खर्चात मिस्त्रींनी घासाघीस करू दिली नाही. पाट्याचं टोक चेसीला जोडणाऱ्या शॅकलचे बुशही बदलले. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढं सरकत नाही, मग वेल्डिंग करून वर तिरक्या कडांची पट्टी मारली. चेसीला आडवी सरळ वेल्डिंग केली तर पुढची चीर तिथूनच निघते म्हणे. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढल्या होत्या. सगळं मिळून ६,८०० रुपये. नव्या सेटच्या चौकशीला मी गेलोच नाही, पोटात गोळा नको म्हणून.

"शंभर किलोमीटर झाले की यू बोल्ट परत आवळा," निघताना मिस्त्रींनी दोनदा बजावलं.

पंधरा दिवसांनी मामांचा बोल्ट द्यायला पुन्हा भटवाडीला गेलो. येताना मुदाळ तिट्ट्यावर चहा सांगितला आणि पाना घेऊन जीपखाली शिरलो. बाकीचे नट हलले नाहीत. मागचा डावा मात्र पाव फेरा फिरला.

"चहा निवतोय," दाजी वरून ओरडले.