दहापर्यंत उघडं

शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा

लेक झोपली. आई अजून जागी आहे, स्वयंपाकघरात तिची खुडबुड ऐकू येतेय. आत्ताच लिहून टाकते, नाहीतर उद्या धुण्याच्या ढिगाखाली सगळं गडप होईल.

आईला भुसावळहून येऊन महिना झाला. या महिन्यात तिने लंडनचं काय पाहिलं, तर कोपऱ्यावरचं दुकान आणि नातीच्या शाळेचं फाटक. शनिवार-रविवार घर आवरण्यात जातात आणि इतर दिवशी मी ऑफिसातून सुटेपर्यंत सगळं बंद होतं. दुपारी अचानक आठवलं, आज जूनचा शेवटचा शुक्रवार. आईला फोन केला, दशम्या बांधून ठेव म्हटलं. ह्यांनी दोघींना साऊथ केन्सिंग्टनला आणून सोडलं आणि मॅच बघायला घरी पळाले.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं, एरवी पावणेसहाला मिटतं. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी तर तिथे जत्राच असते. आम्ही आत शिरलो तेव्हा त्या हिरव्यानिळ्या काचेच्या प्रचंड झुंबराखाली डीजे वाजत होता. आईने विचारलं, "लग्न आहे का गं कुणाचं?" तिचंही काय चुकलं! हातात ग्लास घेतलेली, नटूनथटून आलेली तरुण मंडळी, रंगीत दिवे आणि जिकडेतिकडे रांगा.

मला मात्र त्या ग्लासांचं हसू येत होतं. हे संग्रहालय १८५७ साली इथे सुरू झालं तेव्हाच त्याचा पहिला संचालक हेन्री कोल याने आत गॅसचे दिवे लावून घेतले होते. दिवसभर राबणाऱ्या माणसाला दिवसा संग्रहालय कसं बघता येणार? ते संध्याकाळी उघडं हवं. त्याचा युक्तिवाद असा, की रात्री चित्रं बघायला मिळाली तर कामगार दारूच्या गुत्त्यावर कमी जाईल. आज त्याच संग्रहालयात बार लागलेला. पण कोलसाहेबांचा राबणारा माणूस म्हणजे आज मीच होते, खांद्याला लॅपटॉपची बॅग, पाय दुखतायत, आणि तरीही आत. तेही फुकट.

गेल्या वर्षी सुट्टीत घरी गेले होते तेव्हा लेकीला एक संग्रहालय दाखवायला नेलं. नाव लिहीत नाही. पाच वाजले नाहीत तोच रखवालदाराची शिट्टी. तोपर्यंत आमचं एकच दालन झालं होतं. लेक तलवारींपुढून हलायला तयार नव्हती, तिला अक्षरशः उचलून बाहेर आणावं लागलं. ती शिट्टी तिला अजून आठवते. आजही दारात तिने विचारलंच, "इथे कधी वाजवतात?"

मुलांचे कार्यक्रम इथे मुख्यतः शनिवार-रविवारी आणि सुट्टीत, दिवसा. रात्री मुलं कमीच. पण एका टेबलावर ठसे उमटवायचं काम चाललं होतं, तिथे लेकीला जागा मिळाली. तिथून पुतळ्यांच्या दालनात गेलो. घडीचं स्टूल मागितलं की देतात, हवं तिथे मांडा आणि चित्र काढा. लेकीने दप्तरातलं निळं पेन काढलं, तर पहाऱ्यावरच्या काकूंनी हसून ते बंद करायला लावलं आणि स्वतःच्या खिशातून पेन्सिल काढून दिली. दालनात फक्त पेन्सिल चालते, शाई नाही. एक ओघळ संगमरवरावर गेला तर संपलंच की.

दुसरं स्टूल मी आईला दिलं. ती आधी टेकायला म्हणूनच बसली.

मग त्या साच्यांच्या दालनात गेलो. जगभरातल्या प्रसिद्ध शिल्पांच्या प्लॅस्टरमधल्या प्रतिकृती, मूळ आकाराच्या. रोमचा ट्राजानचा स्तंभ एवढा उंच की छताखाली बसेना, म्हणून दोन तुकडे करून शेजारी-शेजारी उभा केलाय. आई बघतच राहिली. "आपलं शिसवी कपाट जिन्यातून चढेना म्हणून बाबांनी कापलं होतं ना, तसंच की हे." मायकेलँजेलोच्या नग्न डेव्हिडच्या प्रतिकृतीपुढे मात्र ती पदर सावरून दुसरीकडे बघायला लागली. त्याच्या चौथऱ्यामागे एक हातभर प्लॅस्टरचं पान ठेवलंय. राणी व्हिक्टोरिया किंवा तसं कुणी राजघराण्यातलं आलं की ते पुतळ्याला अडकवायचे. लेकीला हे समजावून सांगताना माझी तारांबळ, आणि आई मागून पुटपुटते, "म्हणजे राणीलाही माझ्यासारखंच होत होतं."

आठ वाजता बागेत आलो. अजून लख्ख उजेड. मधल्या उथळ तळ्यात पोरं पाय बुडवून हुंदडत होती, आमचीही त्यांत गेली. आम्ही काठावर दशम्या सोडल्या, सोबत शेंगदाण्याची चटणी.

"इथे अजिंठ्याचं काही असेल का गं?" आईने सहज विचारलं. भुसावळच्या शाळेची सहल म्हणजे अजिंठा, दुसरं काय.

मी म्हटलं, आहे, पण बहुतेक सगळं भांडारात, भिंतीवर नाही. मग सांगत बसले. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून गुहांतल्या चित्रांच्या नकला करत राहिला, वर्षानुवर्षं. त्या इथे लंडनला आणून क्रिस्टल पॅलेस नावाच्या काचेच्या प्रदर्शन-इमारतीत लावल्या आणि १८६६ च्या आगीत चार-पाच सोडून सगळ्या गेल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जायला लागले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. १८८५ पर्यंत ते काम चाललं. कॅनव्हास इथे साऊथ केन्सिंग्टनला येत गेले, आणि त्याच १८८५ सालात इथेही आग लागली. त्यांतलेही बरेच जळाले.

"गिलसाहेबाची कबर आपल्याकडेच आहे," आई म्हणाली. "भुसावळला. रेल्वे क्वार्टर्समध्ये होतो तेव्हा त्या कब्रस्तानावरूनच जायचं-यायचं. इतका मोठा माणूस होता होय तो?"

"हो."

"आणि दोन्ही वेळा जळालं? वं माय!" तिने दशमीचा तुकडा तोडला, पण खाल्ला नाही. "मग गुहेतली चित्रं?"

"झिजलीत. पण आहेत."

"म्हणजे जपायला आणलेलीच जळाली," असं म्हणून तिने चपला काढल्या, साडी पोटरीपर्यंत वर घेतली आणि नातीच्या शेजारी पाण्यात जाऊन उभी राहिली. मी फोटो काढला नाही. काढायला हवा होता.

साडेनऊला निघालो. स्टेशनकडे जाणाऱ्या फरशांच्या बोगद्यात एक मुलगा व्हायोलिन वाजवत होता. आईने मला न विचारता त्याच्या पेटीत एक पाउंड टाकला आणि गाडीत बसल्यावर तो किती रुपयांचा ते विचारलं. सांगितलं. पुढची तीन स्टेशनं गप्प होती.

घरी आल्यावर लेकीची वही उघडली. तिने पुतळ्याचे दोनच पाय काढलेत, वरचं कागदात मावलं नाही. पुढच्या पानावर आईचं चित्र. आई गुपचूप काढत होती हे मला कळलंही नव्हतं. पुतळा नाहीच त्यात. घडीचं स्टूल आहे, त्याचे पाय, मधली कातडी पट्टी, सगळं नीट.

खुडबुड थांबली. आई दारात उभी आहे, हातात ती पेन्सिल. पर्समध्ये राहून गेली म्हणते. "पुढच्या शुक्रवारी दहापर्यंतच ना?"

हो म्हटलं.

"मग त्या बाईची परत देऊन येऊ. दशम्या जरा जास्त करते."