मगर खाते किती आणि कशी

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात मगरींच्या खंदकापाशी उभे राहिले, की एक वाक्य हमखास कानावर पडते: "हिला बहुतेक उपाशीच ठेवतात, बघा कशी निपचित पडली आहे." त्यापाठोपाठ कोणीतरी खडा उचलतो. मगरीच्या खाण्याविषयीचा हा गैरसमज दूर व्हावा, असे मला मनापासून वाटते, म्हणून हे लिहीत आहे.

आपण जे खातो, त्यातला मोठा वाटा शरीर ऊबदार ठेवण्यात खर्ची पडतो. मगर ही ऊब उन्हातून घेते. त्यामुळे पूर्ण वाढलेली मगर एकदा पोटभर खाल्ले की कित्येक आठवडे, प्रसंगी काही महिनेही अन्नावाचून राहू शकते. शिवाय अंग तापल्याखेरीज खाल्लेले पचत नाही. थंडीत तिचे खाणे मंदावते ते यामुळेच. मगरीचे अमेरिकेतील भाऊबंद असलेले अ‍ॅलिगेटर तर कडाक्याच्या थंडीत खाणे जवळजवळ बंदच करतात. सांगलीकडे कृष्णेच्या काठावर हिवाळ्यात दिवसभर पडून राहणारी मगर आळशी नसते, उपाशीही नसते.

वयानुसार तिचा आहार बदलतो. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले वीतभर पिल्लू किडे, लहान खेकडे आणि बेडकांवर वाढते. मोठ्या मगरीचा मुख्य आहार मासे. त्याखेरीज कासवे, साप, पाणपक्षी आणि पाण्यावर आलेले एखादे जनावर. चंबळेतील सुसरीचा लांब, निमुळता जबडा आणि त्यातले शंभराहून अधिक दात जवळजवळ केवळ माशांसाठीच घडलेले आहेत. कित्येक जातींच्या पोटात फळे आणि बियाही सापडल्या आहेत.

भिलवडीजवळ नदीकाठावरून दुर्बिणीतून पाहिलेले दृश्य माझ्या मनात पक्के बसले आहे. मगरीने चिलापी आडवी पकडली होती. तिने डोके पाण्याबाहेर उचलले, दोन-तीन हलके झटके देऊन मासा तोंडातल्या तोंडात फिरवला आणि त्याचे डोके घशाकडे वळताच तो अखंड गिळला. मगरीचे दात पकडण्यासाठी असतात, चावण्यासाठी नव्हे, आणि तिची जीभ खालच्या जबड्याला जखडलेली असते. पाण्याखाली जबडा उघडला तरी घशातला पडदा पाणी आत येऊ देत नाही. गिळण्यासाठी मात्र हा पडदा उघडावा लागतो, म्हणून तोंड पाण्याबाहेर काढणे भाग पडते. भक्ष्य मोठे असेल तर ती ते धरून स्वतःभोवती गरगर फिरते आणि त्याचा लचका तोडते.

अंधारातही तिचा नेम चुकत नाही, कारण जबड्यावरील बारीक काळे ठिपके पाण्यातील अतिसूक्ष्म तरंग टिपतात. बगळे घरटी बांधतात त्या दिवसांत मगरी नाकाडावर काटक्या ठेवून त्यांना भुलवतात, असे निरीक्षण चेन्नईजवळच्या मगर उद्यानातून २०१३ साली प्रसिद्ध झाले. अ‍ॅलिगेटरांवरील पुढच्या संशोधनात त्याला दुजोरा मिळाला नाही, त्यामुळे ते खात्रीचे मानण्याची घाई मी करणार नाही.

पोटाचे काम त्याहून विलक्षण आहे. मगरीच्या हृदयाजवळ अशी रचना असते, की कर्बवायूने भरलेले रक्त फुप्फुसांकडे न जाता थेट पचनसंस्थेकडे वळवता येते, आणि त्या कर्बवायूपासून जठरात तीव्र आम्ल तयार होण्यास मदत होते, असे अ‍ॅलिगेटरांवरील प्रयोगांतून दिसले आहे. या आम्लात हाडेसुद्धा विरघळतात. मगरी दगडही गिळतात, आणि ते जठरात दीर्घकाळ राहतात.

खंदकात काहीही टाकणे घातक आहे ते यासाठीच. जे प्राणी दगड गिळतात, ते नाणी आणि प्लास्टिकही गिळतात. प्लास्टिक पचत नाही, तर नाण्यांतील धातू आम्लात झिजून शरीरात भिनू शकतो. अमेरिकेतील ओमाहा शहराच्या प्राणिसंग्रहालयात २०२४ साली एका पांढऱ्या अ‍ॅलिगेटरच्या पोटातून ७० नाणी बाहेर काढावी लागली होती.