स्लोप ग्लायडर: फ्लायर आयडीची परीक्षा झाली

माझ्या स्लोप ग्लायडरच्या, म्हणजे टेकडीवर किंवा कड्यावर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्यावर उडणाऱ्या रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमानाच्या, पंखांवर फिल्म चढली, एलेरॉनचे (पंखांवरच्या हलत्या पट्ट्यांचे) सर्व्हो, म्हणजे त्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी, बसले आणि फ्लायर आयडीची (उडवणाऱ्याच्या ओळख क्रमांकाची) परीक्षाही पास झालो. ब्रिटनमध्ये २५० ग्रॅम किंवा त्याहून जड मॉडेल उडवायचं तर २०१९ च्या नोव्हेंबरअखेरीपासून ही परीक्षा सक्तीची आहे. १ जानेवारी २०२६ पासून ती मर्यादा थेट १०० ग्रॅमवर आली, त्यामुळे फोमची बरीच लहान ग्लायडरंही आता त्यात येतात.

परीक्षा सीएएच्या (ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर, घरबसल्या आणि फुकट देता येते. मला ४० बहुपर्यायी प्रश्न होते, पास व्हायला ३० बरोबर हवे होते. आयडी पाच वर्षं चालतो. माणसांपासून ५० मीटर, वस्तीपासून १५० मीटर, विमान कायम नजरेच्या टप्प्यात, विमानतळाभोवतीची बंदी असे बहुतेक नियम मैदानावर उडवणाऱ्याच्या अंगवळणी पडलेलेच असतात.

स्लोपवाल्यांनी मात्र १२० मीटर उंचीचा नियम नीट वाचावा. ही उंची पायलटच्या पायापासून मोजत नाहीत, विमानाला सगळ्यात जवळ असलेल्या जमिनीपासून मोजतात. समजा, १५० मीटरच्या सरळसोट कड्यावर तुम्ही उभे आहात आणि ग्लायडर डोळ्यांच्या रेषेत पुढे जातंय. कड्यापासून १०० मीटरवर ते नियमात आहे, कारण कड्याची भिंत १०० मीटरवर आहे. तसंच सरळ १३० मीटरवर गेलं की भिंतही लांब पडली आणि तळही १५० मीटर खाली राहिला. ग्लायडर एक फूटही वर चढलं नाही, तरी मर्यादा ओलांडली! उताराच्या टेकडीवर हा प्रश्न सहसा येत नाही, कारण खालची जमीन सोबतच राहते. लिफ्टही (ग्लायडरला वर उचलणारा वारा) कड्याच्या काठालगतच चांगली मिळते, तेव्हा मला हा नियम जाचक वाटत नाही. पण कड्यावर जाण्याआधी नकाशावरच्या समोच्च रेषा बघायची सवय मी आता लावून घेतोय. थर्मल (गरम हवेचा वर चढणारा झोत) पकडून वर जायचं असेल त्यांनी बीएमएफएचं, म्हणजे ब्रिटिश मॉडेल फ्लाइंग असोसिएशनचं, सदस्यत्व जरूर घ्यावं. त्यांना सीएएकडून मिळालेल्या आर्टिकल १६ च्या परवानगीत ७.५ किलोखालचं मॉडेल ४०० फुटांच्या (म्हणजे त्याच १२० मीटरच्या) वर नेता येतं, अर्थात त्यातल्या अटी पाळून.

मॉडेलवर लावायचा तो ऑपरेटर आयडी (विमानाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याचा नोंदणी क्रमांक), फ्लायर आयडी नव्हे. अक्षरं ३ मिलिमीटरपेक्षा उंच हवीत आणि बाहेरून दिसायला हवीत, किंवा हत्याराशिवाय उघडणाऱ्या झाकणाच्या आत असली तरी चालतात. माझ्या बॅटरीच्या कप्प्याचं झाकण चुंबकावर बसतं, म्हणून लेबल आत फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) भिंतीवर चिकटवलं आणि वरून पारदर्शक टेप मारली. बाहेरची फिल्म स्वच्छ राहिली. गवतात पोटावर उतरणाऱ्या ग्लायडरला हीच जागा उत्तम, खाली लावलेलं लेबल घासून जातं.

आता सीजी (गुरुत्वमध्य) बघायचाय. शेपूट जड वाटतेय. नाकात शिसं भरण्याआधी बॅटरी पुढे सरकवून बघतो, उगाच वजन कशाला वाढवायचं!