जुनापाणीची शिळावर्तुळं आणि पांदणीवरचा सराव : आठव्या आठवड्याची नोंद

दिवाळीनंतर नव्याने सुरुवात केली तेव्हा ठरवलं होतं, जानेवारी संपायच्या आत डांबर सोडून कच्च्या वाटेवर 14 किलोमीटर न थांबता धावायचं. आज 14.2 झाले. मध्ये दोनदा थांबले, आणि ते ठरवून थांबले.

वाट तीच, मागच्या नोंदींमधली. नागपूरहून काटोल रोडने गोरेवाडा मागे टाकायचा, गाडी लावायची आणि जुनापाणीच्या बाजूच्या पांदणीला लागायचं. सात किलोमीटरचा फेरा आहे, तो दोनदा. पहिला तुकडा मुरमाचा, पायाला छान लागतो. मग तुरीची वावरं आणि त्यांच्यामधली बैलगाडीची चाकोरी. तिथे मधल्या उंचवट्यावरून धावावं लागतं, नाहीतर घोटा वळतो. तिसऱ्या किलोमीटरनंतर माळ सुरू होतो आणि माळावर काळ्या दगडांची वर्तुळं दिसू लागतात.

नव्यांसाठी थोडक्यात. या परिसरात अशी सुमारे 300 शिळावर्तुळं आहेत. काळ ढोबळमानाने इसवीसनापूर्वी 1000 ते 300. बेसाल्टचे मोठाले गोटे कड्यासारखे मांडलेले, आत काळी चिकण माती आणि दगडगोट्यांची भर. लांबून बसकी ढिगारं वाटतात. ही दफनं आहेत. आत मातीची भांडी, लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या निघाल्या. आणि घोडे! विदर्भातल्या या लोकांचं घोड्यावाचून पान हलत नसावं. लोखंडी लगाम सापडलेत, आणि जवळच माहुरझरीला तर घोड्याच्या डोक्यावर घालायचे तांब्याचे दागिने. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देवांच्या चमूने 1970 ते 72 मध्ये माहुरझरीला उत्खनन केलं होतं. आपण जिथे किलोमीटरला सव्वासात मिनिटं लावतो, त्याच माळावरून ही माणसं घोडे पळवत असतील, हे मनात आलं की चौथा किलोमीटर कधी सरतो कळत नाही.

डिसेंबरमध्ये अवकाळी पाऊस झाला त्या आठवड्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. काळ्या मातीचा चिखल बुटाला लागला की काढता येत नाही, पावलागणिक थर चढत जातो आणि पाव किलोमीटरमध्ये पाय शेराचे होतात. मी तुरीच्या कडेने वाट काढत होते. एक आजोबा बैल घेऊन येत होते, त्यांनी हटकलं, ‘‘वावरातून नोको जाऊ वं बाई, गारा हाय. धुऱ्यानं जाय.’’ धुरा म्हणजे वावराचा बांध. त्यावर गवत असतं, मुळांनी माती धरलेली असते, पाय रुतत नाही. इतकी वर्षं धावते, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून पाऊस पडून गेला की धुराच धरते. मोजे मात्र घोट्याच्या वरपर्यंतचे घाला, कुसळं सोडत नाहीत.

आता थांबण्याबद्दल. पहिले पाच आठवडे मी या वर्तुळांजवळून नुसती निघून जात होते. आठ वाजता पोचायचे, ऊन डोक्यावर यायला लागलेलं, दगड म्हणजे दगड. सहाव्या आठवड्यात लवकर निघाले आणि सूर्य उगवून वीस-पंचवीस मिनिटं झाली असताना पोचले. ऊन अगदी आडवं पडलं होतं. एका दगडाच्या बाहेरच्या अंगावर ओळीने ठिपके दिसले. जवळ गेले तर वाटीसारखे खळगे, अंगठ्याचं टोक बसेल एवढे. दोन समांतर रांगा. प्रत्येक खळग्यात अर्धी सावली, अर्धं ऊन. मी घड्याळ बंद केलं आणि तिथेच उकिडवी बसले. दहा मिनिटांनी ऊन वर सरकलं आणि खळगे पुसट होत गेले. त्याच दगडाजवळून मी निदान दहा वेळा धावत गेले असेन.

हे खळगे पहिल्यांदा नोंदवले ते रिव्हेट-कर्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने. मध्य प्रांताच्या कापसाच्या व्यवहाराचा आयुक्त म्हणून तो इथे होता, पण त्याचं लक्ष या दगडांवर गेलं. त्याने 1879 मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या दगडांवरच्या तशाच खळग्यांशी त्यांची तुलना केली. पुढे खळग्यांच्या दगडांची दिशा आकाशातल्या घडामोडींशी जुळते का, हेही अभ्यासकांनी तपासून पाहिलं आहे. मला त्यातलं गणित येत नाही. पण हे खळगे कोणीतरी बसून, दगडाने दगड ठोकत, एकेक करून पाडलेत. एवढ्या कठीण दगडात एकेक खळगा पाडायला हात किती भरून येत असेल!

म्हणून आता सरावाचं वेळापत्रक उन्हावर बेतलं आहे. सूर्योदयाआधी निघायचं, पहिल्या फेऱ्यात वर्तुळांपाशी थांबायचं, पाहायचं, मग पुढे. दुसऱ्या फेऱ्यात पुन्हा दोन मिनिटं. वेग थोडा घटला, पण नडगीचं दुखणं गेलं. मध्ये थांबल्याने स्नायूंना उसंत मिळते, असा माझा अंदाज. आजची सरासरी किलोमीटरला 7:22 मिनिटं, हृदयाचे ठोके मिनिटाला 148च्या आसपास. मागच्या महिन्यात याच वाटेवर 160च्या खाली येत नव्हते.

येणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. हे संरक्षित स्मारक आहे. कड्यावरच्या गोट्यांवर उभं राहू नका, वर्तुळाच्या आतून धावत जाऊ नका, बाजूने जा. खळगे फोटोत उठून दिसावेत म्हणून त्यात खडू किंवा रांगोळी भरू नका. सकाळचं ऊन ते काम आपोआप करतं. नांगराखाली आणि मुरमाच्या खाणींत विदर्भातली कितीतरी वर्तुळं गेली. जी उरली आहेत, त्यांच्यावर आपल्या बुटाचा ठसा नको.

पुढच्या रविवारी तिसऱ्या फेऱ्याचा तुकडा जोडून 17 किलोमीटरपर्यंत जायचा विचार आहे, फेब्रुवारीत पळस फुलायच्या आत माहुरझरीपर्यंतची वाटही पाहायची आहे. कुणाला यायचं असेल तर सव्वासहाला गाडीपाशी. हेडलॅम्प आणा, पहिला दीड किलोमीटर अंधारच असतो. पाणी एकाला एक लिटर. आणि त्या दोन रांगांच्या दगडापाशी सात-वीसपर्यंत पोचायचं आहे.